थंडीने नारळ आणि बॉटल पाम करपलेत, झावळ्या छाटू की थांबू? (निफाड तालुका)

गोदाकाठची | १४ जानेवारी

नमस्कार. आमचं घर चांदोरीजवळ मळ्यात आहे. कुंपणाच्या कडेने रॉयल पामची रांग आहे, फाटकाच्या दोन्ही अंगांना एकेक बॉटल पाम आणि विहिरीजवळ एक नारळ. नारळाचं रोप सासूबाईंच्या माहेरचं, गुहागरचं. त्याचा बुंधा आत्ता कुठे दिसायला लागलाय.

गेल्या आठवड्यात जी थंडी पडली त्यात व्हरांड्यातल्या तापमापकाने पहाटे ४ अंश दाखवले. अंगणातल्या हरळीवर आणि मोटारसायकलच्या सीटवर दहिवर गोठून पांढरं झालं होतं. त्या दिवशी पाम अगदी ठीक वाटले. दुसऱ्या दिवशी बॉटल पामची पानं आत पाणी मुरल्यासारखी गडद दिसायला लागली आणि आता पार तपकिरी होऊन लोंबतायत. रॉयलचे शेंडे करपलेत, पण जांभळाच्या झाडाखाली जे दोन आहेत ते हिरवेगार. नारळाच्या पात्यांवर पिवळे-तपकिरी डाग आलेत, तेही शेताकडच्या बाजूला जास्त. अरेका पामच्या कुंड्या पोर्चमध्ये होत्या, त्यांना काहीही झालेलं नाही.

ज्या नर्सरीतून पाम आणले ते म्हणतात, सगळ्या झावळ्या छाटा, मूठभर युरिया टाका आणि पाणी तोडा. मला हे पटत नाही, पण नेमकं काय करावं तेही उमगत नाही. सासूबाई सकाळ-संध्याकाळ नारळापाशी जाऊन उभ्या राहतात. कुणी थंडीतून पाम वाचवले असतील तर कृपया सविस्तर लिहा.

गंगापूररोड | १४ जानेवारी

आमच्या सोसायटीतले बॉटल पाम टवटवीत आहेत. पेपरमध्ये नाशिक ८ अंश आणि निफाड ५ अंश असं होतं. मला एक कळत नाही, ताई. ४ अंशाला दहिवर गोठेल कसं? पाणी तर शून्याला गोठतं. दुसरं काही रोगबिग नाही ना?

कादवाकाठ | १४ जानेवारी

ताई, आज कात्री हातात घेऊ नका. युरिया तर नकोच नको. पाणी चालू ठेवा. बाकीचं सविस्तर लिहितो. माझी द्राक्षबाग आहे आणि बांधावर पाम आहेत. थंडीची रात्र बागेत काढल्याशिवाय आमच्याकडे हिवाळा सरत नाही.

आधी गंगापूररोड यांचा प्रश्न, कारण सगळी मेख तिथेच आहे. पेपरात येतो तो आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा. तिथला तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. तो हवेचं तापमान सांगतो, पानाचं नाही. आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असला की उघड्यावरचं पान आपली ऊब सरळ आभाळाकडे फेकत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षा तीन-चार अंशांनी थंड होतं. पेटीत ४ असताना गवतावर शून्य होतं ते असं. ताईंच्या तापमापकावर तर व्हरांड्याचं छप्पर आहे, म्हणजे अंगणात त्याहून कमीच असणार. जांभळाखालचे दोन रॉयल वाचले तेही याचमुळे. वरच्या फांद्यांनी त्यांची ऊब आभाळाकडे जाऊ दिली नाही. पोर्चमधल्या अरेकाचंही तेच.

उत्तरेत बर्फ पडून गेला की तिकडचं कोरडं वारं खानदेशातून आपल्याकडे येतं. ते वाहतं तोवर मला तितकी भीती वाटत नाही. ज्या रात्री ते पडतं ती रात्र वाईट. थंड हवा जड असते, ती उतारावरून घरंगळत खोलगट जागी, नदीकाठी साचते. चांदोरी, सायखेडा, निफाड हा सगळा पट्टा असा खोलगट आहे. शहरात भिंती आणि डांबर दिवसभर तापतात, रात्री ऊब सोडतात, म्हणून तिथले बॉटल पाम ताजे. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडला पारा २ अंशांच्याही खाली गेला होता. बागाईतदारांनी रात्रभर शेकोट्या पेटवल्या होत्या. तरी कित्येकांचे द्राक्षमणी तडकले.

आता तुमची झाडं. बॉटल पाम हा मॉरिशसजवळच्या एका चिमुकल्या बेटावरचा. त्याला आयुष्यात कधी थंडी माहीत नाही. शून्याच्या आसपास त्याचं पान मरतंच, आणि लहान झाड असेल तर कोंबही जातो. रॉयल क्यूबाकडचा, तो थोडा सोशिक. नारळाला तर गोठायचीही गरज पडत नाही. सलग काही रात्री ६-७ अंशांच्या गेल्या तरी पात्यावर डाग येतात, मुळं काम थांबवतात, आणि दिवसा ऊन असूनही झाड सुकल्यासारखं दिसतं.

पाम आंबा-पेरूसारखा नाही, हे नर्सरीवाल्यांना माहीत असायला हवं होतं. आंब्याचा शेंडा मेला तर खालून फुटवा येतो. या पामांना जीव एकच, डोक्यातला कोंब. तो जिवंत तर झाड जिवंत, मग सगळी पानं गेली तरी चालतं. तो मेला तर खोड कितीही जाडजूड असो, उपयोग नाही. खोडाला झालेली जखमही भरून येत नाही, कारण झाडासारखी साल धरण्याची सोय पामाच्या खोडात नसते. म्हणून करपलेली झावळी आत्ता छाटू नका. ती मेलेली असली तरी कोंबावर पांघरूण आहे, आणि अर्धी हिरवी असेल तर अजून अन्न पुरवतेय. शिवाय ओल्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, तो आला की थंडीपेक्षा मोठं संकट. फक्त पूर्ण वाळून खोडाला चिकटलेली असेल तीच काढा, तीही फेब्रुवारी सरल्यावर. फेब्रुवारी २०१२ मध्ये नाशिक शहरातच पारा ३ अंशांच्या खाली गेला होता. संक्रांत झाली म्हणून थंडी गेली असं आपल्या भागात धरून चालता येत नाही.

युरियाने कोवळी, पाणीदार वाढ होते आणि पुढच्या थंड रात्री तीच आधी मरते. पाणी मात्र द्या, पण दुपारी. ओली जमीन दिवसाची ऊब धरते आणि रात्री सोडते, भुसभुशीत कोरडी जमीन ते करत नाही. आळ्यात पालापाचोळा असेल तर तेवढे दिवस बाजूला सारा, कारण तो जमिनीची ऊब दाबून ठेवतो. उन्हाळ्यात तोच पाचोळा परत टाका.

रात्रीसाठी नारळाभोवती चार बांबू रोवून वरून गोणपाट टाका, जमिनीपर्यंत येईल असं. प्लॅस्टिक पानाला टेकू देऊ नका, जिथे टेकेल तिथे पान करपतं. आत जुना तारेचा १०० वॉटचा बल्ब मिळाला तर लावा, गोणपाटापासून हातभर लांब. एलईडीला उष्णता जवळपास नसते, तो लावून काही होणार नाही. सकाळी ऊन आलं की गोणपाट काढायचं. ढगाळ रात्री या सगळ्याची गरज नाही.

आता एक काम लगेच करा. प्रत्येक पामाची मधली सुई, म्हणजे न उघडलेलं पान, शोधा. पक्क्या शाईच्या पेनाने सुईवर आणि तिला लागून असलेल्या देठावर मिळून एकच आडवी रेघ मारा. सुई वाढत असेल तर तिच्यावरची रेघ वर सरकेल आणि देठावरची तिथेच राहील. थंडीत आठवडाभर काही हलणार नाही, तेव्हा घाबरू नका. सासूबाईंना सांगा, पानांकडे बघू नका, त्या रेघेकडे बघा.

सातपूरकर | १६ जानेवारी

कादवाकाठ दादांनी थांबायला सांगितलंय त्याला माझा दुजोरा. माझा धाकटा भाऊ अमेरिकेत ह्यूस्टनला असतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात जी भयंकर थंडी आली त्यात तिकडे पारा उणे १० पर्यंत उतरला. त्यांच्या गल्लीतले सगळे पाम तपकिरी झाले. अनेकांनी घाईने मार्चमध्येच तोडून टाकले. ज्यांनी धीर धरला त्यांच्यातल्या काहींना उन्हाळ्याच्या तोंडावर हिरवी सुई आली. वॉशिंग्टोनिया पाम बरेच मेले, तिकडचे स्थानिक साबल पाम मात्र जवळपास सगळे जगले. आपली थंडी त्या मानाने काहीच नाही, पण आपण लावलेले पामही तितकेच नाजूक.

गोदाकाठची | २३ जानेवारी

दादा, सगळं केलं. गोणपाट रोज संध्याकाळी सासूबाई स्वतः सोडतात. रेघा मारल्यात, अजून कुठेच काही हललेलं नाही.

पण आज वाईट झालं. डावीकडच्या बॉटल पामची सुई हलवून बघितली तर अलगद हातात आली. खालचं टोक मऊ, तपकिरी, आणि वास असा की तोंड फिरवावं लागलं. उजवीकडच्याची सुई घट्ट आहे. हा गेला का? आणि नारळाला असंच होणार का, या विचाराने मला झोप नाही.

कादवाकाठ | २३ जानेवारी

ताई, सुई हातात येणं म्हणजे झाड गेलंच असं नाही. थंडीने कोंबाच्या वरचा कोवळा भाग मरतो आणि त्यात जिवाणू आणि बुरशी शिरतात. कूज खाली कोंबापर्यंत पोचली नसेल तर झाड वाचतं. तेव्हा आजच हे करा.

पोकळीत चमच्याने जितका मऊ, सडका भाग येईल तितका काढा. टॉर्च लावून बघा. तळाशी पांढरं, टणक, काकडीच्या गराइतकं घट्ट काही लागलं तर तिथेच थांबा, ते खरवडू नका. मग कॉपर ऑक्सिक्लोराईड, म्हणजे तांब्याचं बुरशीनाशक, लिटरला ३ ग्रॅम घेऊन पोकळी भरेल इतकं ओता. हातमोजे घाला. दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा, बस्स. तांबं साठत जातं आणि वारंवार ओतलं तर पामालाच इजा करतं. आपल्याकडे द्राक्षाच्या सवयीने उठसूट फवारायचा हात पडलाय, तो इथे आवरायचा.

यापुढे त्याच्या डोक्यावर पाणी पडता कामा नये. पाईपने वरून धुणं बंद, पाणी फक्त आळ्यात. अवकाळीचा अंदाज आला तर पोकळीवर डबा उपडा घाला आणि पाऊस गेला की काढा, आत वारा खेळला पाहिजे.

उजवीकडच्याला आणि नारळाला तेच औषध एकदाच, सुईच्या बगलेत थोडं थोडं. सुया रोज हलवून बघू नका. सारखं ओढल्याने चांगली सुईही सैल होते.

नारळाबद्दल माझं मन तुम्हाला सांगतो. तुमच्या लिहिण्यात डाग पात्यांवर आहेत, सुईवर नाहीत. शेताकडची बाजू जास्त करपलीय, म्हणजे उघड्या आभाळाचा फटका वरवरचा आहे. मला तो वाचेल असं वाटतं. नाशकात जुन्या वाड्यांच्या परसात उंच नारळ आहेत, त्यांनी कितीतरी थंड्या पाहिल्यात. त्यांचं डोकं उंचावर असतं. अशा रात्री जमिनीलगत हवा सर्वांत थंड असते आणि वर गेलं की काही अंशांनी उबदार लागते. म्हणून मोठा नारळ निभावतो आणि लहान मरतो. तुम्हाला त्याचे सुरुवातीचे काही हिवाळे काढून द्यायचेत, डोकं माणसाच्या बऱ्याच वर जाईपर्यंत. पुढे तो स्वतःचं बघेल.

गोदाकाठची | ९ मार्च

उशिरा लिहितेय, पण बरंच सांगण्यासारखं आहे. नारळाची रेघ सरकली! सुईवरची रेघ देठावरच्या रेघेपेक्षा बोटभर वर गेलीय. सासूबाईंनीच आधी बघितली आणि मला हाक मारली. रॉयलच्या सगळ्या सुया चालल्यात. उजवा बॉटल पामही हलला. डावा मात्र गेला. दोनदा औषध घातलं, पण पोकळी खाली खाली जात राहिली आणि शेवटी खोडच वरून मऊ झालं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. रॉयलचं जे नवं पान उघडलं ते चुरगळलेलं आहे, पाती आखूड आणि टोकं वाळकी. हा रोग आहे का? आणि फाटकाजवळ डाव्या जागी काय लावू? परत बॉटल पाम लावायची माझी तयारी नाही.

कादवाकाठ | १० मार्च

ताई, रेघेचं वाचून इतका आनंद झाला की घरात वाचून दाखवलं. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

चुरगळलेलं पान दोन कारणांनी येतं. ही पानं थंडीच्या वेळी कोंबात इवलीशी घडत होती, त्यांना तिथेच इजा झाली. ती जशी बाहेर येतील तशी विकृत येणार, कधी टोक कापल्यासारखं तर कधी मधली पाती गायब. पावसाळ्यापर्यंत एखाद-दुसरं असं पान येत राहील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. दुसरं कारण मॅंगनीज या अन्नद्रव्याची कमतरता. आपली काळी, चुनखडीची जमीन, त्यात गारठलेली मुळं, त्यामुळे मॅंगनीज मातीत असून झाडाला मिळत नाही आणि नेमकं नवं पानच चुरगळतं. मॅंगनीज सल्फेट लिटरला २-३ ग्रॅम घेऊन नव्या पानांवर फवारा आणि थोडं आळ्यातून द्या. पुढचं पान बघून कळेल. जुन्या पानांवर नारिंगी ठिपके असतील तर ते पालाश, म्हणजे पोटॅश, कमी पडल्याचं लक्षण. त्याला आपलं ०:०:५० (सल्फेट ऑफ पोटॅश खत) चालतं, सोबत मॅग्नेशियम सल्फेट द्या. पोटॅश भरपूर मिळालेला पाम थंडी जास्त सोसतो, म्हणून ऑक्टोबरमध्ये ते चुकवू नका आणि ऑगस्टनंतर नत्र आखडतं घ्या.

मेलेला बॉटल पाम मुळासकट उपटून जाळा. उभा ठेवला तर भुंग्याला घर मिळतं.

आता जागा. फाटकाशी उघडं रान असेल आणि घराची ऊब तिथवर पोचत नसेल, तर माझ्या मते तिथे शिंदी, म्हणजे रानखजूर, लावा. आपल्या ओढ्यानाल्यांच्या कडेला ती आपसूक वाढते, निफाडचा गारठा आणि मे महिन्याचं ऊन दोन्ही पचवते. लोक तिला जंगली म्हणून नाक मुरडतात याचं मला फार वाईट वाटतं. खालची पानं वेळच्या वेळी काढली की तिचं खोड इतकं नक्षीदार दिसतं की मोठमोठ्या हॉटेलांच्या दारात हल्ली तीच उभी दिसते. काटे लांब आणि तीक्ष्ण असतात, त्यामुळे घरात लहान मुलं असतील तर वाटेपासून थोडी आत घ्या.

काटे नकोतच असतील तर बिस्मार्किया. मादागास्करचा, पंख्यासारखी रुपेरी पानं. हिरवटपेक्षा रुपेरी जात थंडीला बरीच काटक असते, रोप निवडताना तेवढं बघा. जागा मात्र मोठी लागते, आणि मोठं रोप खणून आणलेलं सहसा जगत नाही, म्हणून पिशवीतलं लहानच घ्या. वॉशिंग्टोनियालाही आपली थंडी काहीच वाटत नाही, पण तो झपाट्याने उंच जातो आणि फाटकाच्या मापाबाहेर होतो. फॉक्सटेल पाम सगळीकडे विकायला आहे, दिसतोही देखणा. तो बॉटल पामपेक्षा थोडा बरा, पण तुमच्या खोलगट जागी मी तो फक्त घराच्या दक्षिण भिंतीला लावेन. तिथे हिवाळ्यातलं ऊन दिवसभर मिळतं, उत्तरेचं वारं अडतं आणि भिंत रात्री ऊब देते. अरेकाही तिथेच जमिनीत लावून बघा.

गंगापूररोड | १० मार्च

दादा, गच्चीवर कुंडीत काय चालेल? आमच्याकडे चौथ्या मजल्यावर वारं फार असतं.

कादवाकाठ | ११ मार्च

कुंडीतल्या मुळांना जमिनीची ऊब मिळत नाही, त्यामुळे तिथे काटक जातच घ्या. चायनीज फॅन पाम बघा, तो कुंडीत वर्षानुवर्षं राहतो. थंडीत कुंडी कठड्याच्या आतल्या अंगाला भिंतीशी सरकवा. वाऱ्याने पाती फाटतील, पण झाडाला धोका नाही.

ताई, एक राहिलं. फाटकाचं झाड आता मार्चमध्येच लावा, पाण्याची सोय असेल तर. खड्ड्यातली काळी माती निम्मी काढून मुरूम आणि शेणखत मिसळा, पाणी तुंबता कामा नये. पाम उन्हाळ्यातच खरी मुळं धरतो. ऑक्टोबरात लावलेल्या रोपाला मुळं बसायच्या आधी थंडी गाठते. आणि नारळाच्या उत्तरेला, शेताच्या बाजूने, शेवग्याची दोन झाडं लावून टाका. ती भराभर वाढतात. डिसेंबरपर्यंत वारं अडवण्याइतकी होतील, आणि थोडी वाकती ठेवली तर नारळाच्या डोक्यावर सावलीही धरतील. फक्त पाऊस संपला की त्यांची छाटणी करू नका, ती मार्चवर ठेवा.